दुधातला मासा

शनिवार, रात्री साडेदहा

आज साडेतीनलाच दिवे लावले. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा डिसेंबर! म्हटलं, काहीतरी ऊन ऊन हवं. म्हणून महिनाभर टाळलेलं कलन स्किंक, म्हणजे इथलं धुरावलेल्या माशाचं दुधातलं सूप, करून टाकलं. कलन हे मोरे किनाऱ्यावरचं गाव, खालच्या मजल्यावरच्या आजी तिकडच्याच. स्किंक म्हणजे मुळात गुराच्या नळीचं सूप. नळीच्या जागी मासा आला, नाव तेच राहिलं.

टाळत होते ते दुधापायी. माशावर दूध प्यायलं की अंगावर कोड उठतं, हे मालवणच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं. इथे तर मासा दुधातच शिजवायचा!

मासेवाल्याकडे धुरावलेला हॅडॉक दोन तऱ्हेचा. एक हळदीत लोळवल्यासारखा पिवळाजर्द, दुसरा फिकट. पिवळा नुसता रंगवलेला असतो, तो आणू नकोस, असं आजींनी बजावलं होतं. नावाजलेला तो फिनन हॅडी, इथून जवळच्याच फिंडन गावाच्या नावाचा. हाडासकट उघडायचा, मिठाच्या पाण्यात ठेवायचा आणि थंड धुरावर धरायचा. धूर खाल्लेला असला तरी तो कच्चाच असतो.

लोण्यावर कांदा मऊ केला, लाल होऊ दिला नाही. हात दोनदा मोहरीच्या डब्याकडे गेला. मासा दुधात घातला आणि कडेला बुडबुडे दिसताच गॅस बंद करून झाकण ठेवलं. सात-आठ मिनिटांनी कालथा नुसता टेकवला, तर ओल्या खोबऱ्याच्या कापांसारखे जाड पापुद्रे आपसूक सुटले. कातडी-काटे काढले, उकडलेले अर्धे बटाटे दुधात कुस्करले, बाकीच्यांच्या फोडी तशाच ठेवल्या. क्रीम आजींना मंजूर नाही. मीठ मात्र मी सवयीने आधीच घालून बसले होते, आणि मासा मुळातच खारट. मग घाल आणखी दूध! दोघांचं सूप चौघांचं झालं.

पहिल्या घोटाला दूध लागल्यासारखाच वास. घरी तसा वास आला की आई दिवसभर धुसफुसायची. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला तोच धूर हवासा वाटायला लागला. दुसरा वाडगा घेतला.

आईला फोटो पाठवला. लगेच फोन. "कोडाचं विसरलीस वाटतं?" एवढंच बोलून ठेवून दिला. पाच मिनिटांनी मेसेज आला: "त्यात कोकम नाही, तिरफळं नाहीत, मग माशाचा वास कशाने मारतात गं?"