लॅव्हनम: लोकरीच्या पैशावर उभं राहिलेलं गाव, कसं जायचं आणि काय बघायचं

आई-बाबा लंडनला आले होते तेव्हा टॉवर ब्रिज, म्युझियमं वगैरे सगळं झाल्यावर आईच म्हणाली की आता एखादं साधं जुनं गाव दाखव, म्हणून मी त्यांना इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोकमधल्या लॅव्हनमला घेऊन गेले आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत इंग्लंडमध्ये मला एवढं आवडलेलं गाव हेच.

आधी जायचं कसं ते सांगते. लॅव्हनमला आता रेल्वे नाही, प्रवासी गाड्या १९६१ सालीच बंद झाल्या. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून गाडी पकडून मार्क्स टे ला उतरायचं, तिथून छोटी लोकल सडबरीला जाते आणि सडबरीहून बरी सेंट एडमंड्सला जाणारी बस लॅव्हनममधून जाते. बसचं टाइमटेबल आदल्या दिवशी बघून ठेवा आणि शेवटच्या बसचा फोटोच काढून ठेवा, आमची ती चुकली आणि टॅक्सीला बरेच पैसे गेले. रविवारी बसच्या भरवशावर राहूच नका. चार-पाच जण जाणार असाल तर सरळ कारने जा.

बसमधून गाव यायच्या आधीच चर्चचा टॉवर दिसतो, १४१ फूट उंच. बाबा म्हणाले एवढ्याशा गावाला एवढं मोठं चर्च कशाला? त्याचं उत्तर म्हणजे या गावाचा सगळा इतिहास. पंधराव्या-सोळाव्या शतकात लॅव्हनम हे जाड निळ्या लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होतं. लोकर आधी रंगवायची, मग पिंजायची, कातायची, रुंद मागावर दोन माणसं मिळून विणायची, मग कापड भिजवून कुटून घट्ट करायचं आणि ताणून वाळवायचं. निळा रंग वोड नावाच्या झाडाच्या पानांतून काढत. त्यातलं रंगद्रव्य आपल्या निळीतलंच, आपली नीळ तिकडे जहाजातून पोचायला लागली ती नंतर. हे सगळं काम व्यापारी लोक घरोघरी वाटून करून घेत आणि या व्यापाऱ्यांत सगळ्यात श्रीमंत घराणं स्प्रिंग. १५२० च्या दशकातल्या करवसुलीत हे गाव इंग्लंडमधल्या पहिल्या वीस श्रीमंत गावांत होतं म्हणजे विचार करा.

चर्चचं नाव सेंट पीटर आणि सेंट पॉल. आत जायच्या आधी टॉवरभोवती एक फेरी नक्की मारा, घाई करू नका. १४८५ च्या बॉसवर्थच्या लढाईत हेन्री ट्यूडरच्या (पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या) बाजूने लढलेला ऑक्सफर्डचा अर्ल म्हणजे सरदार जॉन डी व्हेअर हा इथला जमीनदार, त्याने आणि स्प्रिंग मंडळींनी मिळून हे चर्च नव्याने बांधायला घेतलं. त्यामुळे दगडात डी व्हेअर घराण्याची खूण असलेली चांदणी दिसते आणि तिच्याच जवळ स्प्रिंगचा व्यापारी शिक्का, जो ते मालाच्या गाठोड्यांवर मारत. आता मान वर करा. अगदी वरच्या कठड्यावर त्याच स्प्रिंग घराण्याचं कुलचिन्ह पुन्हा पुन्हा कोरलंय, कारण टॉवर पुरा होईपर्यंत ते नुसते व्यापारी राहिले नव्हते, मानकरी झाले होते! एका टॉवरमध्ये एका घराण्याची चढण वाचता येते, मला तर तिथून हलवेना. आत स्प्रिंगांसाठी कोरलेला लाकडी पडदा आहे, अप्रतिम नक्षी, आईने तिथे बराच वेळ घालवला. टॉवरमधली मोठी घंटा १६२५ ची आहे, कोलचेस्टरच्या माइल्स ग्रेने ओतलेली, आवाजासाठी नावाजलेली. चर्चला तिकीट नाही, पण पेटीत काहीतरी टाका, असली इमारत सांभाळायला पैसा लागतो.

घंटेवरून आठवलं. १५२५ मध्ये फ्रान्सच्या लढाईसाठी राजा आठव्या हेन्रीच्या वतीने त्याचा मंत्री कार्डिनल वूल्सीने नवीन कर लावला, व्यापारी म्हणाले आता कामगारांना द्यायला पैसे नाहीत, लोकांचं काम सुटलं आणि लॅव्हनमला सुमारे चार हजार माणसं जमली. असं सांगतात की घंटा वाजवून आणखी लोकांना बोलवायचं ठरलं होतं पण एका श्रीमंत व्यापाऱ्याने आधीच घंटांचे लोलक काढून ठेवले. रक्तपात टळला, राजाने कर मागे घेतला. विणकर आणि रंगाऱ्यांनी राजाला माघार घ्यायला लावली हे मला फार मोठं वाटतं, आणि गावात हे सांगणारं काही चटकन दिसत नाही, म्हणून इथे लिहिलं.

चर्चवरून बाजारचौकात या. इथला गिल्डहॉल (गिल्ड म्हणजे मंडळ, त्याची इमारत) साधारण १५३० चा, जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे, तिकीट आहे, मेंबरना फुकट, थंडीच्या दिवसांत वेळा बघून जा. नावावरून विणकरांची संघटना वाटेल पण हे धार्मिक मंडळ होतं, १५४७ नंतर अशी मंडळं बंद झाली आणि मग इमारतीत कधी तुरुंग कधी वर्कहाऊस, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवायची जागा. आत कापडाच्या धंद्याची माहिती छान मांडलीय.

गल्ल्यांतली वाकडी घरं बघून आई पटकन म्हणाली, अगं हा तर आपला कूड! आणि अगदी बरोबर, ओकच्या चौकटीत हेझलच्या काठ्या विणून वर माती, गवत, शेण लिंपलेलं, आपल्याकडे कारवी एवढाच फरक. वॉटर स्ट्रीटवरून चाला तेव्हा लक्षात ठेवा की पायाखाली विटांच्या जुन्या बांधीव नाल्यातून ओढा वाहतोय.

ही घरं टिकली ती गाव गरीब झालं म्हणून. कोलचेस्टरला आलेल्या फ्लेमिश निर्वासितांनी हलकं आणि स्वस्त कापड विणायला सुरुवात केली, जाड निळ्याला गिऱ्हाईक उरलं नाही आणि नवी विटांची घरं बांधायला कोणाकडे पैसा नव्हता. त्या विणकरांची पुढची पिढी कशी जगली असेल हा विचार फोटो काढताना मनातून जात नव्हता.

रस्ते चढउताराचे आणि फूटपाथ अरुंद, गुडघे दुखत असतील तर चर्चपासून सुरू करून चौकात चहाला थांबा. निवांत बघायला चार तास धरा. परतताना सडबरीत एक तास ठेवा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात रेशीम विणकरांची मजुरी कायद्याने ठरवली गेली तेव्हा रेशमाचे व्यापारी इकडे स्वस्त हात शोधत आले आणि सडबरीत आजही रेशीम विणलं जातं. आईला पैठणीची आठवण आली, पुढच्या वेळी तिला फक्त सडबरीसाठी घेऊन जाणार आहे.