गॅस गेला कुठे?

"गॅस काही पेट्रोल नाही जी, जळून संपाले. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला," माझ्या गाडीचा एसी तपासताना हिंगणघाटजवळच्या गॅरेजमधला तरुण मिस्त्री आज म्हणाला आणि मी निरुत्तर झालो.

मागच्या दोन उन्हाळ्यांत शहरातल्या एका वर्कशॉपने गळती न शोधताच माझ्या गाडीच्या एसीत गॅस भरून दिला होता. या मुलाने आधी गेज लावून दाब पाहिला, यंत्रणेत नायट्रोजन भरला आणि साबणाचा फेस प्रत्येक जोडावर लावत तो कंडेन्सरपर्यंत, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीपर्यंत पोहोचला, तेव्हा खालच्या कोपऱ्यात बारीक बुडबुडे उठू लागले. पात्यांमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू गच्च बसले होते. आमच्या जिनिंगच्या रस्त्याची ती खूण मी लगेच ओळखली.

नवा कंडेन्सर बसवून, व्हॅक्यूम करून, म्हणजे आतली हवा ओढून काढून, मगच त्याने गॅस वजन करून भरला.

हा आर-१३४ए वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता वातावरणात अडवतो. ४५ अंशांच्या उन्हात गारव्यासाठी घेतलेला गॅस मी दोनदा याच हवेत सोडला, हे मला दिवसभर टोचत आहे. दरवर्षी गॅस भरून घेताना आधीचा कुठे गेला, हे तुमच्यापैकी कोणी विचारले आहे का?