पथ्य सोडायला शिकवणारी

शाळेतला एक तास चाळीस मिनिटांचा असतो. फळ्यावर नकाशा काढता काढता पोटात गुडगुडायला लागलं की उरलेली मिनिटं मी मनात मोजायला लागायचे. सकाळी सैल वाटणारे कपडे दुपारपर्यंत कमरेला काचायचे, पोट टम्म फुगायचं. कधी तीन-तीन दिवस पोट साफ व्हायचं नाही, आणि कधी पहिली घंटा व्हायच्या आत तीनदा जावं लागायचं. पुढे पुढे मी शाळेत काही खायचंच सोडलं. रिकामं पोट फार तर आवाज करतं, पण कळ येत नाही, हे मी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

घराजवळच्या डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या आणि फार विचार करू नका म्हणाले. सहा-सात मिनिटांची भेट होती. गोळ्यांनी जळजळ कमी झाली, फुगणं तसंच राहिलं.

मग एका सहकारी बाईंच्या सांगण्यावरून मी निसर्गोपचार करणाऱ्या एक तज्ज्ञ होत्या त्यांच्याकडे गेले. त्यांच्याबद्दल लिहिताना मला दोन्ही बाजू लिहायच्या आहेत, कारण दोन्ही खऱ्या आहेत. पहिल्या भेटीत त्यांनी मला दीड तास दिला. झोप कशी लागते, जेवताना किती घाई असते, पाळीच्या आधी त्रास वाढतो का, आई गेल्यानंतर हे सुरू झालं का, असं सगळं त्यांनी विचारलं. माझ्या पोटाबद्दल इतकं सविस्तर तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी तिथे रडले. त्यांनी सांगितलेल्या तीन गोष्टी मी आजही करते. सकाळी काहीतरी खाल्ल्यावर वीस मिनिटं मोकळी ठेवायची आणि शांतपणे शौचाला बसायचं, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, तो वेळ घाईत दवडायचा नाही. बसताना पायाखाली छोटं स्टूल घ्यायचं. आणि कळ आली की गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवून श्वास खाली पोटापर्यंत न्यायचा.

पण त्यांनी एक यादीही दिली. आधी गहू बंद. मग दूध आणि दुधाचं सगळं. मग कांदा, लसूण, सगळ्या डाळी. दोन महिन्यांनी एक रक्ततपासणी करून घेतली, तिचा अहवाल आला त्यात एकतीस पदार्थ लाल रंगात होते. अंडी, टोमॅटो, बदाम, तांदूळसुद्धा. मी तो कागद फ्रिजवर लावला.

त्या तपासणीत पदार्थाविरुद्धचे आयजीजी नावाचे प्रतिपिंड, म्हणजे रोगप्रतिकारक शक्तीने बनवलेली प्रथिनं, मोजतात. मला ते नंतर कळलं, आणि कळल्यावर वाईट वाटलं, कारण ते प्रतिपिंड एवढंच सांगतात की तो पदार्थ तुम्ही खाता. जे रोज खातो तेच लाल रंगात दिसणार. युरोपातल्या अ‍ॅलर्जी-तज्ज्ञांच्या संस्थेने २००८ मध्येच स्पष्ट लिहिलं आहे की अन्न सोसत नाही हे ठरवायला ही तपासणी वापरू नये. अमेरिकेतल्या पोटविकार-तज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. मला त्या वेळी हे माहीत नव्हतं. छापील अहवालावर विश्वास ठेवला, कारण त्यावर आकडे होते.

सुरुवातीचे तीन आठवडे खरंच बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. मग पोट पुन्हा फुगायला लागलं, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच मिळायचं: अजून एक पदार्थ काढू या. आठ महिन्यांत माझं वजन ५८ किलोवरून ५१ वर आलं. केस गळायला लागले. कुणी जेवायला बोलावलं की मी कारणं सांगायचे. एकदा लेकीने विचारलं, ‘आई, तू आता नक्की काय खातेस?’ मी उत्तर द्यायला लागले आणि पाच पदार्थांवर थांबले.

आहारतज्ज्ञाकडे जा असं लेकच धरून बसली. मला वाटलं, अजून एक यादी मिळेल.

ती आहारतज्ज्ञ मुलगी तिशीची असेल. तिने मला फोनवरच सांगितलं होतं की घरात जी काही चूर्णं, गोळ्या, बाटल्या आहेत त्या सगळ्या एका पिशवीत घालून आणा. मी आणल्या. तिने एकेक टेबलावर मांडली, वाचली, लिहून घेतली. एका बरणीपाशी थांबली. त्यात ज्येष्ठमधाची पूड होती, जळजळीसाठी मी ती पाच महिने रोज दोन चमचे घेत होते. तिने विचारलं, ‘मॅडम, पाय सुजतात का? पायांत ताकद कमी वाटते?’ दोन्ही होतं. वर्गात उभं राहवत नाही ते अशक्तपणामुळे, असं मी समजत होते.

ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन नावाचं द्रव्य असतं. ते जास्त दिवस पोटात गेलं की शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, रक्तदाब चढतो. तिने मला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तदाब १५० वर ९६ होता आणि पोटॅशियम कमी. पूड बंद केली, काही आठवड्यांत दोन्ही जागेवर आलं. वनस्पतीजन्य आहे म्हणजे त्रास होणार नाही, हा समज मी आयुष्यभर बाळगला होता. माझी आईही बाळगायची.

पिशवी पाहून झाल्यावर तिने विचारलेला दुसरा प्रश्न असा: ‘शेवटचा गहू कधी खाल्लात?’ मी अभिमानाने सांगितलं, आठ महिन्यांपूर्वी. तिने पेन खाली ठेवलं.

तिचं म्हणणं असं की गहू बंद करण्याआधी एक साधी रक्ततपासणी व्हायला हवी होती. सीलिअ‍ॅक नावाचा आजार असतो, त्यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. तो शोधायला रक्तातले टीटीजी प्रतिपिंड बघतात. पण माणूस ग्लुटेन खात नसेल तर प्रतिपिंड हळूहळू उतरतात, आणि आजार असूनही तपासणी कोरी येऊ शकते. म्हणजे आठ महिने पथ्य पाळून मी तो दरवाजा स्वतःच बंद करून ठेवला होता. तो उघडायचा तर निदान सहा आठवडे रोज गहू खावा लागणार होता, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा.

शिवाय वजन इतकं उतरलं आहे ते केवळ पथ्यामुळेच, असं तिने गृहीत धरलं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शौचातून रक्त पडणं, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून पोटाच्या त्रासाने जाग येणं, ताप, गिळताना अडकणं, रक्त कमी होणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग किंवा दाह: यातलं एकही असलं तर आहाराचं पुढे बघू, आधी डॉक्टर, हे तिने मला कागदावर लिहून दिलं. माझी रक्ताची तपासणी झाली, शौचातल्या कॅल्प्रोटेक्टिनची झाली. आतड्याला सूज असली की ते वाढतं. माझं नव्हतं वाढलेलं.

आणि मग गहू. त्या पहिल्या सकाळबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. सुट्टीचा दिवस निवडला होता. टेबलावर पावाचे दोन काप होते आणि मी त्यांच्याकडे बघत बसले होते. हात थरथरत होते. आठ महिने मी त्या पदार्थाला विष म्हणत होते, मनातल्या मनात रोज म्हणत होते. समोर लेक बसली होती, ती काही बोलली नाही, तिने आपल्या पावाचा घास घेतला. मीही घेतला. चव इतकी ओळखीची होती की डोळ्यांत पाणी आलं. दुपारी पोट फुगलं. दुसऱ्या दिवशीही फुगलं. पाचव्या दिवशी नाही फुगलं. तिसऱ्या आठवड्यात मी शाळेत डबा नेला.

सहा आठवड्यांनी तपासणी झाली, सीलिअ‍ॅक नव्हता. डॉक्टरांनी निदान सांगितलं: इरिटेबल बाउल, आयबीएस. हे नाव मी आधीही ऐकलं होतं, ‘काही सापडलं नाही’ याचंच ते सभ्य रूप असेल असं वाटायचं. आहारतज्ज्ञ मुलीने कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं तेव्हा ते पहिल्यांदा कळलं. गहू, कांदा, लसूण यांत फ्रुक्टान नावाची साखळीदार शर्करा असते. ती तोडणारं पाचक द्रव्य कुणाच्याच लहान आतड्यात नसतं. ती तशीच मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात, वायू तयार होतो. हे सगळ्यांच्या पोटात होतं. माझ्यासारख्यांच्या आतड्याच्या नसा मात्र तो ताण जास्त तीव्रतेने मेंदूला कळवतात. दुखणं खरं असतं, आतडं फाटलेलं किंवा सुजलेलं नसतं. त्या चित्राने माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरवलं. मी काही विषारी खात नव्हते. माझी तार जरा जास्त ताणलेली होती, इतकंच.

मग तिने फॉडमॅप पद्धत घेतली. फ्रुक्टानसारख्या, लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि पुढे आंबणाऱ्या शर्करांच्या गटांना मिळून फॉडमॅप म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात ती विकसित झाली, नाव २००५ मध्ये पडलं. ही पद्धत लोक ‘काय काय खायचं नाही’ एवढीच ऐकतात. वगळण्याचा भाग फक्त दोन ते सहा आठवड्यांचा असतो. ती पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर खूण करून म्हणाली, ‘या तारखेला आपण परत खायला लागायचं. बरं वाटलं तरी आणि नाही वाटलं तरी.’ आठ महिन्यांत मला कुणी शेवटची तारीख दिली नव्हती.

परत सुरू करणं हेच खरं काम होतं. एका वेळी एका गटातला एकच पदार्थ, तीन दिवस, रोज थोडा वाढवत. बाकी जेवण साधं. मग दोन-तीन दिवस विश्रांती. दुधापासून सुरुवात केली: पाव कप, अर्धा कप, एक कप. कपभर दुधाने मला काही झालं नाही. दोन कप घेतले की होतं. म्हणजे मला दूध सोसत नाही, हे वाक्यच चुकीचं होतं. मसूर भिजवून, ते पाणी ओतून देऊन, नीट शिजवली तर अर्धी वाटी चालते. गहू चालतो. कांद्याच्या एका चकतीने मात्र रात्रभर त्रास झाला. पातीच्या कांद्याचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही, कारण फ्रुक्टान गड्ड्याकडे असतं. लसणाचं तर मला फार बरं वाटलं: फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही. पाकळ्या तेलात परतून बाहेर काढून टाकल्या की वास आणि चव तेलात राहते आणि पोट शांत. फक्त ते तेल त्याच वेळी संपवायचं, बाहेर साठवून ठेवायचं नाही. त्यात घातक जिवाणू वाढू शकतात.

साखर नसलेलं च्युइंगम मी तासांच्या मधे चघळायचे, त्यातलं सॉर्बिटॉलही त्रास देत होतं. ते एकतीस पदार्थांच्या यादीत नव्हतंच.

कुणाकडे जावं असं मला आता बरेच जण विचारतात. पदवीच्या नावावरून ठरवणं कठीण आहे. काही देशांत आहारतज्ज्ञ ही पदवी कायद्याने राखलेली आहे, नोंदणी लागते. पोषण-सल्लागार असं मात्र पुष्कळ ठिकाणी कुणीही म्हणवून घेऊ शकतं. निसर्गोपचाराचंही तसंच, कुठे अनेक वर्षांचा अभ्यासक्रम, कुठे काही आठवड्यांचा. म्हणून नोंदणी बघावी. त्याहून जास्त मी त्यांचं बोलणं ऐकते. हे पथ्य कधी संपणार, याचं उत्तर त्यांच्याकडे आहे का? जे घ्यायला सांगतात ते त्यांच्याच कपाटातून विकलं जातं का? तुमच्या डॉक्टरांना चार ओळी लिहायला ते तयार आहेत का? आणि आतडी धुऊन शुद्ध करतो असं कुणी म्हणालं तर मी उठून येईन. त्याने क्षारांचा समतोल बिघडू शकतो, क्वचित आतड्याला छिद्रही पडतं, आणि मोठं आतडं धुवायची गरज नसते.

त्या पहिल्या बाईंना मी पत्र लिहिलं. रागाने नाही. दीड तास ऐकून घेतल्याबद्दल आभार मानले, आणि ज्येष्ठमधाचं, रक्तदाबाचं, सहा आठवड्यांच्या गव्हाचं सगळं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या पुढच्या बाईला गहू बंद करण्याआधी ती तपासणी सांगितली जावी, एवढ्यासाठी लिहिलं होतं.

आज वजन ५६ आहे. फ्रिजवरचा लाल कागद काढला, तिथे आता वहीचं एक पान आहे, डावीकडे पदार्थ, उजवीकडे किती. सफरचंदाची चाचणी राहिली आहे. सोमवारपासून तीन दिवस करायची: पाव, अर्धं, एक. लेक म्हणते, उरलेलं ती खाईल.