बॅच 4: पिल्लं तळाला उतरली आणि टिकलीसुद्धा

क्लाउनफिश या केशरी-पांढऱ्या समुद्री माशाच्या पिल्लांचा आज अंड्यातून निघाल्यापासून चौदावा दिवस. काल रात्री टॉर्चवर लाल कागद बांधून मोजली, 41 भरली. आज सकाळी पुन्हा मोजली, 41च! मागच्या तीन बॅच मिळून हाती लागली होती 6, त्यामुळे हा आकडा लिहितानाही आनंद आवरत नाही.

जुनं दुखणं असं. ऑसेलॅरिस जातीच्या या क्लाउनफिशची अंडी कुंडीच्या आतल्या बाजूला, आठव्या रात्री अंधार झाल्यावर हॅच, पुढचे काही दिवस रोटिफर (पिल्लांना भरवायचे सूक्ष्म जीव) आणि ग्रीनवॉटर (सूक्ष्म शेवाळाचं हिरवं पाणी) यांवर सुखात. मग हॅच झाल्यापासून नवव्या-दहाव्या दिवशी पिल्लांवर केशरी झाक यायची, ती तरंगणं सोडून तळाकडे उतरू लागायची आणि सकाळी दिवा लावला रे लावला की दहा-बारा गरगरून आडवी पडायची. पोटं आर्टेमियानं, म्हणजे खाऊ म्हणून भरवलेल्या बारीक कोळंबीसारख्या जीवांनी, गच्च भरलेली असायची. बॅच 2 मध्ये अमोनियाचा संशय घेऊन रोज 30 टक्के पाणी बदललं. बॅच 3 मध्ये चारही बाजूंना काळा कागद लावला. काचेवर डोकं आपटणं थांबलं, पण मरणं थांबलं नाही.

तेव्हा मी 2006 सालचा ग्लेन आल्मनी आणि मायकेल वेबस्टर यांचा अभ्यास वाचला होता. प्रवाळावर उतरल्यापासून एक-दोन दिवसांतच निम्म्याहून जास्त, सुमारे 56 टक्के पिल्लं शिकारी माशांच्या पोटात जातात, असा त्यांचा अंदाज आहे. त्यावरून मी स्वतःची समजूत घातली की या वयात असं व्हायचंच. चुकलं ते तिथे. माझ्या 40 लिटरच्या टाकीत खाणारं कोणी नव्हतं, म्हणजे कारण पिल्लांच्या अंगातच शोधायला हवं होतं.

उतरायच्या दिवसांत पिल्लाचं शरीर नव्यानं घडतं. थायरॉइडची संप्रेरकं वाढतात, पट्टे येतात, डोळ्यांत बदल होतात. मेंदू, डोळे आणि मज्जातंतूंना डीएचए हे ओमेगा-3 स्निग्धाम्ल लागतं, आणि ताज्या आर्टेमियात ते जवळपास नसतंच. मी सहाव्या दिवसापासून तोच भरवत होते. बॅच 3 मध्ये आर्टेमियाला डीएचए मिळावं म्हणून त्याचं इमल्शन (पाण्यात मिसळणारं तेलकट द्रावण) वापरलं होतं, पण आर्टेमिया हॅच झाल्या झाल्या ओतलं. त्या अवस्थेत आर्टेमिया खातच नाही! पहिली कात टाकल्यावर त्याचं खाणं सुरू होतं.

यावेळी आर्टेमिया हॅच झाल्यावर 12 तास थांबले, मग 12 तास इमल्शन, मग गोड्या पाण्यानं नीट धुऊन टाकीत. आर्टेमिया नवव्या दिवसापासून, तोही रोटिफर चालू ठेवूनच, आणि रोटिफरलाही तेच इमल्शन. शिवाय दिव्याला डिमर लावून अर्ध्या तासाची पहाट केली. दोन्ही बदल एकदम केल्यामुळे श्रेय कोणाला, असं तुम्ही विचाराल. पण ते पडताळायला भरल्या टाकीवर दिवा भसकन लावणं माझ्याच्यानं होणार नाही.

इमल्शनची बाटली लहानच घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, खवट वास आला की फेकून द्या. आर्टेमियाच्या अंड्यांची स्वस्त सुटी पाकिटं मात्र बंद. माझ्या शेवटच्या पाकिटातली निम्मीही फुटली नाहीत आणि टरफलं गाळता गाळता दोन रात्री गेल्या. सीलबंद डबा महाग पडतो, पण परवडतो.

सगळ्यात आधी उतरलेलं पिल्लू एअर ट्यूबच्या कोपऱ्यात जागा धरून बसलंय. डोक्यामागचा पट्टा स्वच्छ पांढरा, मधला धूसर, शेपटीकडचा अजून नाही. कोणी जवळ आलं की अंगावर धावून जातं. सेंटिमीटरभर जीव, पण केवढी हिंमत!

पुढे सगळी एकाच मोकळ्या टाकीत वाढवायची, असं ठरलं होतं. पण पट्ट्यांबद्दल लिहिताना किम्बे उपसागरातला 2021चा अभ्यास आठवला. पापुआ न्यू गिनीच्या त्या भागात पर्क्युला या दुसऱ्या क्लाउनफिशच्या पिल्लांना एका जातीच्या कार्पेट ॲनिमोनवर (क्लाउनफिश ज्याच्या आसऱ्याला राहतात तो दंश करणारा समुद्री जीव) पट्टे लवकर येतात, मॅग्निफिका ॲनिमोनवर उशिरा, आणि लवकर येणाऱ्यांत थायरॉइडचं संप्रेरक जास्त सापडलं. म्हणजे कुठे उतरलं त्यावर अंग कसं घडतं हे ठरतं. मग सगळी मोकळ्या टाकीत का? 20 पिल्लं ॲनिमोन असलेल्या मोठ्या टाकीच्या सम्पला (खालच्या फिल्टर टाकीला) जोडलेल्या छोट्या टाकीत हलवते, म्हणजे ॲनिमोनवरून आलेलं पाणी त्यांना मिळेल पण दंश होणार नाही. उरलेली 21 वेगळ्या पाण्यात. शेपटीजवळचा पट्टा कुठे आधी उमटतो, त्याचे रोज फोटो घेणार.

त्यासाठी दीड फुटी टाकी माळ्यावरून काढायची आहे. आज रात्री साडेनऊला आर्टेमिया धुतला की तेच काम.