आमची वाटचाल : रेंज फुल्ल, तरी नेट बंद

सीसीटीव्ही आणि लॅन केबलिंगच्या कामांवर आमची फर्म उभी राहिली. सदाशिव पेठ, नारायण पेठेतल्या हॉस्टेलांतून मात्र एकच तक्रार सारखी यायची: वायफायची रेंज फुल्ल दाखवते, नेट चालत नाही. मालक म्हणायचे, अजून दोन राउटर टाका. आम्ही त्याला नाही म्हणायला लागलो आणि आमचा खरा धंदा तिथून सुरू झाला.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात कागदोपत्री १३ चॅनल, म्हणजे सिग्नलच्या वाटा, आहेत. पण दोन चॅनलांत अंतर ५ मेगाहर्ट्झचं आणि सिग्नलला जागा लागते २० ची. म्हणून एकमेकांवर न चढणारे तीनच धरायचे: १, ६ आणि ११. मोकळा दिसला म्हणून कुणी ३ लावला, की तो १ आणि ६ दोघांनाही छळतो. एकाच चॅनलवरची यंत्रं निदान एकमेकांचं ऐकून थांबतात, पाळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनलचं बोलणं त्यांना कळतच नाही, नुसता गोंगाट होतो.

काम मिळालं की मी आजही आधी वहीत मजले आखतो. पहिल्यावर १-६-११, दुसऱ्यावर ६-११-१, तिसऱ्यावर ११-१-६. म्हणजे शेजारी किंवा थेट डोक्यावर तोच चॅनल येत नाही. मग यंत्रांची सिग्नलची पॉवर कमी करतो. इथे गिऱ्हाईक हटकून अडतं. पण ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय सोडणारं यंत्र, कितीही मोठ्याने ओरडला, तरी खोलीतल्या मोबाईलचा क्षीण आवाज त्याच्यापर्यंत पोचायला हवा ना!

ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा विनापरवाना खुला झाला आणि आम्हाला हात-पाय पसरायला जागा मिळाली. त्यातल्या काही चॅनलांवर रडारचा मान पहिला: आधी मिनिटभर ऐकायचं, रडार आढळलं तर चॅनल सोडायचा. बाकी ठिकाणी लोक ८० मेगाहर्ट्झची रुंदी लावून मोकळे होतात. त्यात ३६, ४०, ४४, ४८ हे चारही चॅनल एकाच यंत्राच्या घशात जातात. हॉस्टेलात आम्ही २० च ठेवतो. स्पीड टेस्टचा आकडा लहान दिसतो, पण रात्री सगळी मुलं एकदम ऑनलाइन आली तरी नेट टिकतं.

चॅनलांचा तक्ता आम्ही रॅकच्या (नेटची यंत्रं ठेवायच्या कपाटाच्या) दाराला आतून चिकटवून देतो. सध्या भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन हॉस्टेलांच्या मालकांना एकत्र बसवून सामाईक तक्ता करतोय. जूनमध्ये मुलं यायच्या आत तो लावायचा आहे.