मिरजेची गिटार आणि सुरीच्या मुठीचं हाड: आमची वाटचाल

मिरजेत वाद्यं घडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती घडवणारे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, हे मात्र बाहेरची माणसं विसरतात. इंग्रजी अमलात तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार सतारीकडे वळले. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आमचा कारखाना गिटारचा, त्यामुळे आम्ही त्यात बसत नाही. पण पात्याचं आणि तारेचं घर एकच आहे, आणि आमचा धंदा तरला तो त्यामुळेच.

सुरुवातीला नट (गळ्याच्या टोकाची, तारा टेकायची पट्टी) आणि सॅडल (घोडीवरची तशीच पट्टी) मोठ्या शहरातल्या एका गिटार-साहित्यवाल्याकडून यायचे. हाड म्हणून आलेल्या मालात निम्मं प्लास्टिक निघायचं. (तापवलेली सुई टेकवून बघा. प्लास्टिक वितळतं, हाडाला केस जळल्याचा वास येतो.) तक्रार केली की ‘शंभर नगांखाली माल मिळणार नाही’ एवढंच उत्तर. आमचे पहिले भागीदार सुऱ्यांना मुठी बसवायचे. त्यांच्या पुरवठादाराकडे उंटाच्या हाडाच्या पट्ट्या सुट्या मिळत होत्या.

मुठीची पट्टी साधारण १३० × ४० × ६ मिमी असते. करवतीचा काप धरून तिच्यातून १० मिमी रुंदीच्या तीन चिपा निघतात. एका चिपेत ७६ मिमीचं सॅडल आणि ४४ मिमीचा नट मावतो. मुठीच्या दोन बाजूंच्या दोन पट्ट्या, म्हणजे एका जोडीत सहा गिटारींचं काम. क्लासिकलचा नट ५२ मिमीचा असतो, त्याचा हिशेब वेगळा धरावा लागतो.

हाड कापण्याआधी त्यातलं तेल काढायचं. पिवळसर, अर्धपारदर्शक डाग दिसले की तेल आहे समजा. तिथे गोंद धरत नाही आणि पुढे तेल लाकडात उतरतं. झाकणाच्या काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये आठवडाभर ठेवा, दोन-दोन दिवसांनी ॲसिटोन बदला, जवळपास आग नको. उकळत बसू नका, हाड खडूसारखं ठिसूळ होतं. घासताना मास्क हवाच.

नटमध्ये तारांच्या खाचा पाडताना मिरजेच्या कारागिराचा हात हमखास चुकतो. सतारीच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित गोलसर असतो. तार त्यावर टेकते, सुटते, आणि जवारी, म्हणजे सतारीची ती झणझण, बोलते. गिटारला हाच दोष. खाचेचा उंच बिंदू फिंगरबोर्डाकडच्या कडेवरच हवा आणि तिथून खाच खुंट्यांकडे उतरत जायला हवी. ती सपाट राहिली तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते आणि सूरही सरकतो. बारा-त्रेपन्नच्या (०.०१२ ते ०.०५३ इंच) संचात तारा ०.३० पासून १.३५ मिमीपर्यंत जाड असतात; प्रत्येक खाच तारेपेक्षा केसभर रुंद ठेवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या (पडद्याच्या) मध्ये तार दाबली की पहिल्या फ्रेटवर जेमतेम कागद सरकावा.

मुठीवाले ज्याला मायकार्टा म्हणतात (रेझिनमध्ये दाबलेलं कापड), त्याच जातीचं कापडी हायलम शीट विजेच्या इन्सुलेशनच्या दुकानात मिळतं. त्याचा नटही चांगला होतो. मुठीच्या जी-टेन नावाच्या शीटमध्ये कापडाऐवजी काचेचा धागा असल्याने साध्या करवतीचे दात जातात, आणि ते ओलंच घासावं. २ मिमीची पितळी सळई गळ्याच्या कडेच्या खुणांना, ६ मिमीची समोरच्या ठिपक्यांना.

फायबरने मात्र आम्हाला जवळजवळ बुडवलं. मूठ आणि पातं यांच्यामध्ये घालतात ते ०.८ मिमीचं लाल-काळं व्हल्कनाइज्ड फायबर छान वाकतं, रंगही आतपर्यंत असतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत अकरा गिटारींच्या कडांना ते पाण्याच्या गोंदाने लावलं. फायबर म्हणजे दाबलेला कापसाचा लगदाच. पाणी पिऊन ते जाडीत फुगतं. मुठीत ते इपॉक्सी आणि रिव्हेटांमध्ये आवळलेलं असतं म्हणून टिकतं. आमच्या गिटारींवर जुलैत ते लॅकरच्या वर आलं, लॅकर रेषेत तडकलं, आणि डिसेंबरात आकसून फट पडली. नऊ नग परत आले. त्याच साहित्यवाल्याने दुकानादुकानांत सांगितलं, ‘मिरजवाले गिटारला सुरीची मूठ लावतात.’ दोष आमच्या गोंदाचा आणि जागेचा होता, मालाचा नव्हता. ते बोलणं अजून सलतं.

सांगलीच्या एका गिटार-शिक्षकांनी पैसे परत मागितले नाहीत. सर वाद्य घेऊन आले, ‘दुरुस्त करा, मी थांबतो’ म्हणाले, आणि पुढच्याच महिन्यात दोन विद्यार्थी पाठवले. कडेची खाच पुन्हा १.५ × ६ मिमी पाडून, तापलेल्या नळीवर वाकवलेली शिसवी पट्टी इपॉक्सीने बसवली. फायबर आता फक्त टाचेच्या (गळा धडाला जुळतो त्या बुडाच्या) टोपीखाली, दोन्ही अंगांनी इपॉक्सी आणि कड बंद करूनच.

फ्रेटची तार, ट्रस रॉड (गळ्यातली आधाराची सळई), खुंट्या मुठीवाल्याकडे शोधू नका. फिंगरबोर्डाला साधारण हातभर लांब लाकूड लागतं, ते मुठीच्या मापात बसत नाही. रेझिन पाजलेलं स्टॅबिलाइज्ड लाकूड घोडीला लावू नका. ते जड पडून आवाज दाबतं, छिद्रं भरलेली असल्याने फेविकॉलही धरत नाही. टाचेच्या टोपीला चालतं.

मागवताना ‘रंग नको, नक्षी नको, जाडी सहाच्या खाली नको’ असं स्पष्ट सांगा. माल आल्यावर पट्टी उजेडात धरा. मज्जेकडची बाजू सच्छिद्र असते, ती सॅडलच्या बुडाला येऊ देऊ नका.