एकाच विहिरीतले दोन झरे

पाणलोटाचं काम म्हटलं की लोकांना बंधारे, चर, शेततळी आणि किती टीसीएम (हजार घनमीटर) पाणी अडलं एवढंच आठवतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या क्षेत्रातले बरेचसे आराखडेही तेवढ्यावरच थांबतात. अडवलेलं पाणी मुरताना सोबत काय काय घेऊन खाली जातं, त्याचा रकानाच नसतो. मला याचा मनापासून त्रास होतो. म्हणून पुरंदर तालुक्यातल्या एका गावचा मे महिन्यातला दिवस इथे लिहितेय.

गाव कऱ्हा नदीच्या खोऱ्यात, तालुक्याच्या कमी पावसाच्या बाजूला. वर माळ, मधे वस्ती आणि गोठे, खाली ओढा आणि ओढ्याच्या अलीकडे गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर. भोवती अंजीर, सीताफळ. अंजिराला शेणखत आणि कोंबडखत सढळ हाताने घालतात, वर ड्रिपमधून युरिया असतोच, आणि दुधाचा धंदा वाढल्यापासून घरटी चार-पाच जर्सी गाई. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट, म्हणजे खतांतून आणि शेणमुतातून पाण्यात उतरणारा क्षार, जास्त आहे असे लॅबचे रिपोर्ट आधीपासून येत होते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या आत पाहिजे. त्यापेक्षा बरंच जास्त असेल तर सगळ्यात मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या, बाटलीच्या दुधावरच्या बाळांना, कारण रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडतं.

गावाने हातावर हात ठेवला होता असं अजिबात नाही. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, नियमित टाकत होते, विहिरीला जाळी बसवली होती, काही घरी पाणी उकळूनच पीत होते. पण टीसीएलने जंतू मरतात, नायट्रेटला काही होत नाही, आणि उकळल्यावर पाण्याची वाफ होते पण नायट्रेट मागेच राहतं, म्हणजे उलट थोडं घट्टच होतं. हे कुणी त्यांना नीट सांगितलंच नव्हतं. रिपोर्टवर नुसतं 'पिण्यास अयोग्य' लिहून येतं, पुढे काय करायचं ते येत नाही.

सगळ्यांचा संशय ओढ्यावर होता. ओढ्यात सांडपाणी येतं, ओढा विहिरीला लागून, म्हणजे तेच पाणी पाझरतंय असा सरळ हिशोब. आणि आमच्या हातात जो जुना आराखडा होता त्यात ओढ्याचं पाणी वळवायचं आणि वर गोठ्यांच्या मागच्या घळीत पुनर्भरणाचा चर काढून आवारातलं सगळं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं असं होतं. कागदावर छान दिसत होतं, टीसीएमही भरत होते.

सकाळी शिवारफेरी ठेवली होती. बचत गटाच्या बायका होत्या, त्यातच एक आजी काठी टेकत निघाल्या. गोठ्यांच्या मागे आल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पयल्या पावसाला हितनं काळं पानी वाहतं बाय, उकिरड्याचं. आन् त्या मुरमाशी गेलं की गपकन आत जातं. वड्यापत्तुर कधी पोचतच न्हाई." मी तिथेच वाकून पाहिलं. उकिरड्यापासून जरा खाली मातीचा थर संपून मोकळा, भुसभुशीत मुरूम उघडा पडला होता, आणि पाण्याच्या वाटेचा काळपट डाग बरोबर त्या मुरमापाशी संपत होता. जुन्या आराखड्यातला चर याच जागेवर होता.

तोपर्यंत आमची पोरं सगळ्या विहिरींची पाणीपातळी मोजून आली होती. इथे एक गोष्ट सांगते, नवीन काम करणाऱ्यांना उपयोगी पडेल. मोबाईलच्या जीपीएसने दिलेली उंची अशा कामाला धरू नका, त्यात दहा-पंधरा मीटरची चूक सहज असते, आणि आपल्याला फरक शोधायचा असतो दोन-तीन मीटरचा. डंपी लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावून प्रत्येक विहिरीच्या काठाची उंची घ्या, त्यातून पाण्यापर्यंतची खोली वजा करा, मग खरी पातळी कळते. ते आकडे आम्ही मारुतीच्या देवळासमोरच्या फरशीवर रांगोळीने मांडले, सारख्या पातळीच्या विहिरी रेषेने जोडल्या. भूजल या रेषांना साधारण काटकोनात, उंच पातळीकडून खोल पातळीकडे वाहतं. पिण्याच्या विहिरीकडे येणारे बाण ओढ्याकडून येतच नव्हते. ओढ्याचं पात्र विहिरीतल्या पाण्याच्या वर होतं खरं, पण मधे कठीण काळा पाषाण आहे. बाण येत होते माळाकडून आणि गोठ्यांकडून.

रांगोळी बघून लोक गप्प झाले, पण पटलं असं वाटलं नाही. मग गावचा जलसुरक्षक, म्हणजे ग्रामपंचायतीतर्फे पाण्याची देखरेख करणारा तरुण, म्हणाला, मॅडम, मी उतरतो, आत्ता पाणी तळाला आहे, झरे दिसतात. कंबरेला दोर बांधून तो उतरला. वरून आम्हाला बांधकामाखाली मुरूम दिसत होता, त्याखाली मांजऱ्या, म्हणजे पाणी धरणारा भोकाभोकांचा खडक, आणि तळाला काळा पाषाण. मांजऱ्या आणि पाषाण जिथे भेटतात तिथे दोन वेगळ्या बाजूंनी झरे वाहत होते, एक माळाच्या अंगाने, एक गोठ्यांच्या अंगाने. त्याने दोन बाटल्या वेगवेगळ्या भरल्या आणि बादलीतून वर पाठवल्या.

दोन्ही बाटल्यांतलं पाणी दिसायला सारखंच, नितळ. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घातला. माळाकडचं चारशेच्या आसपास, गोठ्याकडचं बाराशेच्या वर. मग नायट्रेटचं किट काढलं. पुडी टाकून हलवायचं आणि थोडं थांबायचं, नायट्रेट असेल तर गुलाबी रंग येतो. माळाकडच्या नळीत जेमतेम रंग आला. गोठ्याकडची नळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चढत चढत अशी गडद झाली की रंगांच्या पट्टीवरच्या शंभराच्या खुणेच्याही पलीकडे गेली. एकाच विहिरीतले दोन झरे, मधे दोन-तीन पुरुषांचं अंतर. आजींनी माळाकडच्या बाटलीतलं पाणी चाखलं आणि म्हणाल्या, "आमच्या सासूच्या टायमाला हिरीचं पानी आसं हुतं. आता मचूळ लागतं."

ज्यांचे गोठे होते ते दादा पुढे आले. आवाज चढलेला. म्हणजे गाव आजारी पडलं तर आमच्या गाईंमुळे का? मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चुकीचं बोललं की गावात भांडण लागतं आणि काम कायमचं बसतं. मी म्हटलं, दादा, शेणमुताबरोबर क्लोराइडही वाढतं, ते लॅबमध्ये बघू, पण या झऱ्याच्या वाटेवर तुमचा गोठा आहे तशीच तीन घरांची संडासाची टाकी आहे आणि दोन अंजिराच्या बागाही आहेत. पाण्यात उतरलेल्या नायट्रेटवर कुणाचं नाव नसतं. वाट मात्र एकच आहे आणि ती आपल्याला बंद करता येते. ते बसले. नंतर त्यांनीच पहिल्यांदा विचारलं की उकिरडा कुठे हलवू.

संध्याकाळी ग्रामसभेत चर्चा खूप लांबली. घळीतला चर रद्द. त्याऐवजी सगळे सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर) माळावर, जेणेकरून गोड्या झऱ्याला जास्त पाणी मिळेल. उघड्या मुरमावरचे उकिरडे हलवून पक्क्या तळाच्या नाडेप टाक्या (कंपोस्ट खताच्या विटांच्या टाक्या), गोठ्यांना काँक्रीटचा तळ आणि मूत्र साठवायची टाकी, याला रोजगार हमीतून पैसे मिळतात हे बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं. बागांना युरिया एकदम न देता थोडा थोडा हप्त्याने, आणि कोंबडखत पावसाच्या तोंडावर उघडं टाकून ठेवायचं नाही. पाणी गाळून क्षार काढणाऱ्या आरओच्या मशीनचा विषय निघाला. आरओने नायट्रेट निघतं हे खरं, पण मशीनमधून बाहेर पडणारं खारं पाणी कुठे सोडणार ते ठरल्याशिवाय बसवू नका असं मी स्पष्ट सांगितलं, कारण ते मुरमात सोडलं की परत त्याच विहिरीत. तोपर्यंत बाळांच्या घरांना माळाखालच्या दुसऱ्या विहिरीचं पाणी, रोज, ग्रामपंचायतीच्या खर्चाने. त्या विहिरीचं पाणी आम्ही त्याच दिवशी तपासलं होतं, ते मर्यादेत होतं.

त्यानंतर दोन पावसाळे झाले. नायट्रेट खाली येतंय पण हळू, कारण मुरमात आणि मांजऱ्यात वर्षानुवर्षं साठलेलं एका पावसात धुऊन जात नाही, आणि हे ग्रामसभेत आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून लोकांचा धीर सुटला नाही. विहिरीचा आकडा अजून 45 च्या वरच आहे, त्यामुळे बाळांचं पाणी अजून दुसऱ्या विहिरीवरूनच जातं. एका घराचा गोठा हललेला नाही, त्यांना दुसरी जागाच नाही, तिथे नुसता तळ पक्का केलाय. जलसुरक्षक दर उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की उतरून दोन्ही झऱ्यांचं पाणी वेगवेगळं भरतो आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दोन आकडे लिहितो.